बाळांच्या हातांची भूक
घरच्या घरी करावयाच्या रंगबाटल्या आणि बुळबुळ लगदे

पोळ्या लाटावयास बसलेल्या आजीच्या गुडघ्याशी येऊन बसलेल्या दीड-दोन वर्षांच्या पोरास कणकेचा एक लिंबाएवढा गोळा मिळावयाचा, ही आपल्या घरांतील फार जुनी वहिवाट आहे. त्या गोळ्याची चिमणी होई, साप होई, शेवटी काळाकुट्ट लाडू होई, आणि स्वयंपाक उरकेपर्यंत पोर जागचे हलत नसे. या वहिवाटीस कोणी शास्त्र म्हटले नाही, की तिच्यावर कोणी पुस्तक लिहिले नाही. ओटी, पडवी, परस, विहिरीजवळचा चिखल, तुळशीपाशी सांडलेली रांगोळी आणि माजघरात निवडावयास घेतलेले धान्य यांनी मुलांच्या बोटांस जे लागेल ते पुरविले होते. त्यासाठी निराळी योजना करण्याचे कारणच पडले नाही.

आता घरे बदलली. चार खोल्यांच्या सदनिकेत तीन पिढ्या राहतात. तेथे परस नाही, चिखल नाही, आणि फरशी इतकी गुळगुळीत की तिच्यावर पाणी सांडले तर आजोबांचे हाड मोडण्याची धास्ती. अशा घरात रडणाऱ्या मुलाच्या हाती भ्रमणध्वनी देणे हा सोपा मार्ग सर्वांस सापडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात दोन वर्षांच्या आतील मुलांनी पडद्यापुढे बसूच नये, आणि त्यापुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाकाठी एका तासाहून अधिक बसू नये, असे सांगितले आहे. हे वाक्य वाचून मान डोलविणाऱ्या घरांतही संध्याकाळी सात वाजता काय चालते, हे आम्ही आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या अडचणीवरचा उपाय म्हणून हल्ली दोन वस्तूंचा बराच बोलबाला आहे. एक ‘सेन्सरी बॉटल’, म्हणजे रंगीत पाणी व चकाकणारे कण भरून घट्ट बंद केलेली पारदर्शक बाटली. आणि दुसरी ‘स्लाइम’, म्हणजे ताणला तर लांबणारा व ठेवला तर पसरणारा बुळबुळीत लगदा. पहिलीस आम्ही या लेखापुरते रंगबाटली म्हणू. दुसरीस ‘बुळबुळ’ हा मुलांनीच दिल्यासारखा शब्द पुरे आहे. दोन्हींच्या तयार पेट्या दुकानांत बऱ्याच किमतीला मिळतात. त्या घरी करता येतात काय, कराव्या काय, आणि त्यात मुलाच्या जिवास अपाय होण्याजोगे काय आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्यावर आम्ही अधिक जागा खर्च करणार आहो.

इंद्रियांच्या द्वारे शिक्षण ही कल्पना काही बाजारात जन्मलेली नाही. जर्मनीत फ्रोबेलने आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’ हे नाव १८४० साली दिले. तिच्यात लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे हेच पहिले धडे होते. मारिया माँटेसरी बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले, आणि खरखरीत-गुळगुळीत पाट्या, निरनिराळा आवाज करणाऱ्या डब्या, रंगांच्या फिरक्या अशी साधने रचली. त्यांचा एक नियम मोठा मार्मिक आहे: एका साधनात एकच गुण ठळक असावा. डबी आवाज करीत असेल तर तिचा रंग सर्वांचा सारखाच ठेवावा, म्हणजे मुलाचे लक्ष कानाशी राहते. आजच्या दुकानी खेळण्यांत दिवे, गाणी, रंग आणि थरथर एकाच वेळी चालू असतात. तेथे हा नियम नेमका उलटा झाला आहे.

आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे, व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासह खेड्यातील व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. परदेशी साधने तेथे परवडण्याजोगी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांचीच साधने झाली, आणि ती कमी प्रतीची ठरली नाहीत. घरी खेळणी करणाऱ्या आईने आपल्या मागे ही परंपरा उभी आहे, हे ध्यानात ठेवावे. मात्र ‘या बाटलीने बुद्धी वाढते’ अशी जी जाहिरात होते, तिच्यावर आम्ही विश्वास ठेवू नये असे म्हणू. बाटलीने मूल काही वेळ शांत बसते, एका गोष्टीकडे टक लावून पाहते, हलविले की काय होते आणि उलटे केले की काय होते याचा पडताळा घेते. एवढे पुष्कळ आहे. पियाजेने पहिल्या दोन वर्षांतील बुद्धीस हातांची व इंद्रियांची बुद्धी म्हटले, तिला हे खाद्य ठीक आहे. पण ते एकमेव खाद्य नव्हे.

प्रथम बाटलीकडे वळू. काचेची बाटली कोणत्याही कारणाने घेऊ नये. पाव लिटर पाणी मावेल अशी जाड प्लॅस्टिकची, स्वच्छ, बाळाच्या दोन्ही हातांत धरता येईल अशी बाटली घ्यावी. ती साबणाने धुऊन एक दिवस उपडी वाळवावी, कारण साबणाचा अंश राहिला तर पुढे सांगितलेली तेलाची गंमत बिघडते. तिच्यात उकळून गार केलेले पाणी व ग्लिसरीन घालावे, वर एक बोटभर जागा रिकामी सोडावी, आणि खाद्यरंगाचा एकच थेंब टाकावा. रंग दाट केला की आतले काही दिसत नाही, आणि उत्साही मंडळींची चूक बहुधा येथेच होते.

ग्लिसरीन कशासाठी, हे सांगितले तर घरातील मोठ्या मुलांसही या उद्योगात गोडी वाटेल. वीस अंश उष्णतेवर शुद्ध ग्लिसरीन पाण्याहून सुमारे १,४०० पट दाट, म्हणजे वाहण्यास जड असते. म्हणून त्यात पडणारा कण रेंगाळत खाली येतो. पण त्यात वजनाने दहावा हिस्सा पाणी मिसळले, तरी हा दाटपणा जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येतो. तेव्हा कण किती सावकाश पडावे हे पूर्णपणे आपल्या हाती आहे: थोडे थोडे पाणी घालीत जावे आणि पाहावे. लहान गोळ्या दाट द्रवातून किती वेगाने पडतात याचा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडला. त्याप्रमाणे एकाच पदार्थाचा दुप्पट मोठा कण चौपट वेगाने खाली येतो. एकाच बाटलीत बारीक व जाड मणी टाकले, तर पाचवीतल्या दादास हा नियम डोळ्यांनी दिसेल, आणि धाकट्या बहिणीस नुसती मौज दिसेल. उन्हाळ्यात तीच बाटली चपळ होते व थंडीत आळसावते, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. तीस अंशांवर ग्लिसरीनचा दाटपणा वीस अंशांवरच्या निम्म्याहूनही कमी असतो.

आत काय घालावे, याविषयी आमची आवड निराळी आहे. बाजारातील चकाकती भुकटी बहुतेक प्लॅस्टिकची असते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीस बंदी घातली, कारण ती सांडली की गोळा करता येत नाही आणि शेवटी पाण्यात जाते. घरात त्याहून सुंदर वस्तू पडून असतात. आजीच्या विरलेल्या शालूची जर बोटभर लांबीचे तुकडे करून सोडली, तर ती पाण्यात सोनेरी माशांसारखी वळवळते. (जुनी खरी जर पाण्यात काळवंडते, हल्लीची प्लॅस्टिकची नाही, म्हणून खरी जर असेल तर ती सोनाराकडे न्यावी, बाटलीत घालू नये.) जुन्या टिकल्या, तुटलेल्या माळेचे मणी, शर्टाची बटणे ही सर्व चालतात. धान्य मात्र पाण्याच्या बाटलीत घालू नये. मूग-मटकी भिजून फुगतात, सडतात, आतला वायू साठतो, आणि चार दिवसांनी टोपण उघडणारास सारे घर सोडावेसे वाटते. तांदूळ, राजमा, साबुदाणा यांच्यासाठी कोरड्या बाटल्या निराळ्या कराव्या, त्या आवाजासाठी. एका बाटलीत रवा, दुसरीत तूर, तिसरीत चिंचोके भरून बाहेरून सारखाच कागद चिकटवावा, आणि कोणता आवाज कोणाचा ते मुलास ओळखू द्यावे.

येथे एक इशारा मोठ्या अक्षरांत द्यावयास हवा. गुंजा बाटलीत घालू नयेत. तांबड्या अंगावर काळा टिळा असलेली ही बी दिसावयास इतकी देखणी आहे की शोभेच्या वस्तूंत ती वारंवार वापरली जाते. तिच्यात अॅब्रिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. अखंड बी पोटात गेली तर टणक सालीमुळे कित्येकदा तशीच बाहेर पडते. पण चावली गेली, किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली, तर ती मुलाच्या जिवावर बेतू शकते. एरंडाच्या बीविषयीही हेच. बारीक लोहचुंबक, लुकलुकणाऱ्या दिव्यांतील बटणाएवढे विजेचे घट आणि डांबराच्या गोळ्या यांनाही या कामी हात लावू नये. त्याचप्रमाणे पाण्यात टाकले असता फुगून गोटीएवढे होणारे पारदर्शक मणी. ते मुलांस फार आवडतात. परंतु गिळले गेले तर आतड्यात फुगून वाट अडवितात, व क्ष-किरणांच्या चित्रात बहुधा दिसतही नाहीत. अमेरिकेत २०२३ साली एक दहा महिन्यांचे मूल असे मणी गिळून दगावले, आणि त्यानंतर त्या मण्यांच्या पेट्या बाजारातून परत मागविण्यात आल्या.

टोपण हा बाटलीचा प्राण आहे. आट्यांना मजबूत गोंद लावून ते बसवावे, चोवीस तास वाळू द्यावे, वरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावे, आणि मुलाच्या हाती देण्यापूर्वी घरातील सर्वांत दांडगट माणसाकडून ती उघडून पाहण्याचा प्रयत्न करवावा. दर आठवड्यास तिची तपासणी करावी. तडा दिसला की टाकून द्यावी. तीन वर्षांच्या आतील मुलांच्या खेळण्यांसाठी एक साधी कसोटी जगभर वापरली जाते: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात जी वस्तू पुरती मावते, ती घशात अडकण्याजोगी समजावी. बाटलीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू या नळकांड्यात मावते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून विकाऊ खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. घरच्या खेळण्यावर ते चिन्ह असणार नाही, तेव्हा त्या चिन्हाचे काम घरच्यांनीच करावयाचे आहे.

तेल आणि पाण्याची बाटली ही आमच्या मते सर्वांत उत्तम. निम्मे पाणी निळ्या खाद्यरंगाने रंगवावे. वर निम्मे खोबरेल तेल ओतावे. तेलास रंग देण्याची युक्ती अशी, की चिमूटभर हळद तेलात कोमट करून दोन पदरी फडक्यातून गाळावी. हळदीचा पिवळा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही, आणि खाद्यरंग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. बाटली हलविली की दोन्हींचे हिरवट मोती होतात, ठेवली की पिवळे वर व निळे खाली आपापल्या जागी जाऊन बसतात. साबणाचा एक थेंब पडला तर हा सारा खेळ संपतो व दुधट पाणी उरते. हळदीचा रंग उन्हात विटतो, म्हणून बाटली खिडकीत ठेवू नये. खोबरेल सुमारे चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजते; पुण्या-नाशिकास डिसेंबरच्या सकाळी या बाटलीत वर घट्ट थर व खाली हलणारे पाणी दिसते, आणि दुपारी तो थर पुन्हा वितळतो. मुलास ऋतू शिकविण्यास याहून सोपे साधन आम्हांस ठाऊक नाही.

आता बुळबुळ. हिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९७६ साली ‘स्लाइम’ या नावाने हिरवा लगदा डबीत घालून विकावयास आणला, तेव्हा त्यातील मुख्य द्रव्य गवारीच्या बियांचा डिंक हे होते. म्हणजे ज्या गवारीकडे आपली मुले ताटात नाक मुरडतात, तिचाच तो अवतार. आणि गवार जगात सर्वांत अधिक पिकते ती आपल्या देशात, विशेषतः राजस्थानात. पुढे घरी लगदा करणारांनी गवारीच्या डिंकाऐवजी कागद व लाकूड चिकटविण्याचा पांढरा गोंद घेतला, आणि त्यात टाकणखाराचे पाणी मिसळले. गोंदातील लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू सुटे असतात तोवर तो पातळ राहतो. टाकणखारातील बोरेट हे त्या साखळ्यांना जागोजाग आडवे टाके घालते, आणि सबंध गोंदाचे एक ताणले जाणारे जाळे बनते. टाके कच्चे असल्यामुळे ते सुटतात आणि पुन्हा पडतात. म्हणून लगदा सावकाश ओढला तर लांबतो, झटक्याने ओढला तर तुटतो.

टाकणखार, ज्यास सवागी असेही म्हणतात, हा आपल्या घरांस परका नाही. पूर्वी तो तिबेटातील सरोवरांच्या काठांवरून शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर लादून हिमालय ओलांडून येई. इंग्रजीतील ‘टिंकल’ हा शब्द मूळ संस्कृत टंकणाचाच. सोनार डाग लावताना तो वापरतो. हळदीपासून कुंकू करताना लिंबाच्या रसाबरोबर तोच पडे. आणि तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे आले की त्याची लाही करून मधातून चाटवीत. म्हणूनच घरातील वडीलधाऱ्या बायकांस जेव्हा सांगावे की हा पदार्थ मुलांच्या हाती नको, तेव्हा त्या रास्तच विचारतात, ‘आम्ही तो तुम्हांला चाटवून मोठे केले, तेव्हा काय झाले?’

या प्रश्नास उर्मट उत्तर देऊ नये. खरे उत्तर द्यावे. पुष्कळांस काही झाले नाही, हे खरे. पण कित्येकांस झाले, आणि ते कशाने झाले हे कळण्याचे साधन नव्हते. इंग्लंडातही हीच चाल होती: टाकणखार मिसळलेला मध चोखणीस लावून बाळाच्या तोंडात देत. १९८३ साली तेथील एका वैद्यकीय नियतकालिकात अशा सात अर्भकांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांस वारंवार आकडी येत असे. आणि तो मध बंद करताच आकडी थांबली. आकडी येणाऱ्या बाळाची दृष्ट काढणाऱ्या घरांत तिचे मूळ औषधाच्याच वाटीत असण्याचा किती संभव होता, याचा विचार मनास चटका लावतो. (मधाविषयी निराळे कारण आहे: त्यातील जंतुबीजांमुळे क्वचित दारुण विषबाधा होत असल्याने, एक वर्षाच्या आत तो मुळीच चाटवू नये असे आता वैद्य सांगतात.) युरोपीय संघाने २०१० साली बोरिक अॅसिड व टाकणखार यांस प्रजननशक्तीस अपायकारक म्हणून विशेष काळजीच्या द्रव्यांच्या यादीत घातले, चिकट व पातळ खेळण्यांतून किलोमागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक बोरॉन निघू नये, असा तेथील २००९ च्या खेळणी-नियमांत दंडक आहे. घरच्या वाटीत चमच्याने अदमास घेणारी आई हा दंडक कसा पाळणार?

काही ठिकाणी ‘बोरॅक्सविरहित’ म्हणून काँटॅक्ट लेन्स धुण्याचे पाणी गोंदात घालावयास सांगतात. हा शब्दच्छल आहे. त्या पाण्याने गोंद घट्ट होतो तो त्यातील बोरिक अॅसिड किंवा बोरेट यांच्यामुळेच. ते नसेल तर गोंद घट्ट होणारच नाही. तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे: जे मूल अजून बोटे तोंडात घालते, त्याच्या हाती गोंदाची बुळबुळ देऊ नये. आठ-दहा वर्षांच्या मुलास ती करावयाची असेल तर मोठ्या माणसाच्या देखत, स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर, हातास जखम अथवा इसब नसताना, आणि नंतर हात धुऊन. आणि टाकणखाराची पुडी पापडखाराच्या शेजारी फडताळात कदापि ठेवू नये. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही खार.

मग धाकट्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातच तीन बुळबुळी आहेत. सब्जा पाण्यात भिजवून पहावा. प्रत्येक काळ्या बीभोवती बुळबुळीत पांढरे कवच येते, आणि वाटीभर झाले की बोटे आत घालण्याचा मोह मोठ्यांसही आवरत नाही. दुसरी इसबगोलाची. एक पेला पाण्यात एक चमचा इसबगोलाचा भुसा घालून ढवळीत चार-पाच मिनिटे उकळावा. निवला की थरथरणारा गोळा होतो, आणि अधिक घट्ट हवा असल्यास पुन्हा उकळावा. तो पूर्ण गार झाल्याखेरीज मुलास देऊ नये, कारण असला गरम लगदा कातडीस चिकटून राहतो व पाण्याहून वाईट भाजतो. इसबगोल आणि सब्जा कोरडे मात्र मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. कोरडी चिमूट घशात फुगते. गार लगद्यातला थोडा पोटात गेला, तर त्याचा परिणाम काय होतो हे घरातील आजोबा अनुभवाने सांगतील.

तिसरी, आणि सर्वांत नवलाची, कॉर्नफ्लॉवरची. दुकानात मक्याचे पिवळे पीठ मागू नये. पांढरे, बोटांत कुरकुरणारे कॉर्नफ्लॉवर मागावे. दोन वाट्या त्याच्या, एक वाटी पाणी. पाणी थोडे थोडे घालावे. हा लगदा हळू हात घातला तर दुधासारखा मार्ग देतो, आणि बुक्की मारली तर दगडासारखा अडवितो. मुठीत दाबून गोळा करावा, मूठ उघडावी, की तो बोटांतून वाहून जातो. गार पाण्यात या पिठाचे कण विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. हळू ढकलले तर त्यांच्यामधील पाणी वंगणासारखे काम करते, एकदम रेटले तर कण कणास घासून अडकतात व क्षणभर सबंध लगदा एक घन होतो. दिवाळीत जमलेल्या पोरांपुढे मोठी परात भरून हा लगदा ठेवला, तर महाविद्यालयात शिकणारा काकाही बाह्या सरसावून बसतो.

कणकेच्या गोळ्याविषयी दोनच शब्द. टिकाऊ व्हावा म्हणून त्यात वाटीभर मीठ घालण्याची एक कृती प्रसिद्ध आहे. तोंडात घालणाऱ्या मुलास ती देऊ नये, कारण एवढे मीठ लहान्या जिवास विषासमान होऊ शकते. बिनमिठाचा गोळा करावा, आणि खेळ संपताच टाकावा.

येथे घरातील एक खरा वाद उभा राहतो, व तो आम्ही टाळणार नाही. अन्नाशी खेळावे काय? ज्या आजींनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला पाहिल्या, त्यांस परातभर पीठ पोरांनी फरशीवर सांडलेले पाहवत नाही. त्यांची ही वेदना जुनाटपणा म्हणून उडवून लावणे आम्हांस अनुचित वाटते. सूनबाईंचे म्हणणेही खोटे नाही: दोनशे ग्रॅम कॉर्नफ्लॉवर चार दिवस पुरते, आणि त्याने पोर तासभर पडद्यापासून दूर राहते. आमचा कल, सांगावयाचाच तर, आजींच्या बाजूस थोडा अधिक आहे. कारण ज्या वस्तूस पानात सांडली तर उचलावयास सांगतो, तीच दुपारी पायांखाली तुडवावयास देणे, हा विरोध तीन वर्षांच्या मुलासही कळतो. तडजोड अशी निघते: खाण्याचा लगदा महिन्यातून एखादे वेळी, ठरवून, परातीत, आणि रोजच्यासाठी शाडूची माती. गणपतीच्या दिवसांत ती सर्वत्र मिळते. चार किलो घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर महिनोन् महिने टिकते, कोणाच्या पोटास जात नाही, व कोणाच्या सोवळ्यास बाधत नाही.

दुसरा वाद याहून मुकाट्याने चालतो. खेळ सुचवितो एक, वाहवा मिळते दुसऱ्यास, आणि फरशी पुसते तिसरीच. ती तिसरी बहुधा घरातील सर्वांत धाकटी सून असते, किंवा ठरलेल्या पगारात ठरलेल्या कामांसाठी येणाऱ्या बाई. आम्ही सुचवितो की खेळ मांडणारानेच पुसण्याचे फडके आधी हाती घ्यावे, मग परात. विशेषतः रविवारी मुलांस घेऊन बसण्याचा ज्या वडिलांस हुरूप येतो, त्यांनी हे फडके कोठे असते याची माहिती शनिवारीच करून घ्यावी. मुले दोन वर्षांची झाली की त्यांच्याही हाती एक लहान फडके द्यावे; पुसणे हाही त्यांच्या लेखी खेळच असतो, आणि त्यात ती मोठ्यांहून अधिक रमतात.

खेळाची जागा न्हाणीघर किंवा गच्ची. खाली जुनी सतरंजी नव्हे, तर प्लॅस्टिकचे कापड. अंगात टाकाऊ झबले. वेळ अर्धा तास पुरे. मुलास एकटे सोडून दार उघडावयास जाणे झाले, तर परात उचलून मग जावे. मूल लगद्यास हात लावीत नसेल तर बळे त्याचा हात आत बुडवू नये; कित्येक मुलांस चिकट स्पर्शाची किळस असते. त्यांच्यापुढे चमचा ठेवावा, आठ दिवसांनी ती आपण होऊन बोट घालतात, किंवा घालीत नाहीत.

कॉर्नफ्लॉवरचा लगदा दोन दिवसांवर ठेवू नये, आंबतो. उरलेला वर्तमानपत्रावर पसरून उन्हात वाळवावा, भुगा होतो, तो कचऱ्यात टाकावा. मोरीत मात्र ओतू नये. पीठ नळीच्या वाकणात तळाशी बसून सिमेंटासारखे अडकते, आणि मग ज्यास बोलवावे लागते त्या नळवाल्याची मजुरी दुकानातील तयार पेटीच्या किमतीहून खचित अधिक होते.